आठ तासांचे बंदर



एकेकाळी मराठी घरातून कोणी बोटीने परदेशी निघाला की अख्खी आळी त्याला निरोप द्यायला धक्क्यावर जात असे. तो प्रवास शिक्षणासाठी, नोकरीसाठी किंवा कायमच्या स्थलांतरासाठी असे. आज बोटीने निघणारा मराठी माणूस बहुधा निवृत्त असतो, सोबत पत्नी असते, कधी मुले-नातवंडे असतात, आणि बोट त्याला कुठे पोहोचवण्यासाठी घेतलेलीच नसते. बोट हेच हॉटेल, बोट हेच गाव. तिला क्रूझ म्हणतात. रात्री ती चालते, सकाळी एखाद्या बंदराला लागते, दिवसभर थांबते आणि संध्याकाळी पुन्हा निघते. प्रवाशाच्या वाट्याला त्या बंदराचे, त्या गावाचे, त्या देशाचे येतात ते फार तर आठ तास.

हे आठ तास कसे जातात? छातीवर क्रमांकाची चिकटपट्टी लागते, कानात गाईडचा आवाज ऐकवणारे छोटे यंत्र बसते आणि उंचावलेल्या फलकामागून चाळीस-पन्नास माणसांची दिंडी बसकडे चालू लागते. दिवस मावळता माणूस परततो तेव्हा कॅमेऱ्यात दोनशे छायाचित्रे असतात. पण रात्री जेवणाच्या टेबलावर कोणी विचारले की आज काय पाहिले, तर गावाचे नावही चटकन आठवत नाही. हा दोष प्रवाशाचा की सहलीचा, हा आजचा प्रश्न आहे. त्याचे उत्तर हवेत शोधण्यापेक्षा एक बंदर समोर ठेवून शोधू. ते बंदर आहे दक्षिण इटलीतील नेपल्स, तेथील लोकांच्या भाषेत नापोली.

नेपल्स निवडण्याचे पहिले कारण सोपे आहे. रोम पाहायला निघालेल्या क्रूझ प्रवाशाला बोट सोडते चिव्हिताव्हेक्कियाला, आणि तिथून रोम गाठायला तास-दीड तास जातो. नेपल्सचे तसे नाही. १९३० च्या दशकात बांधलेल्या सागरी स्थानकाच्या दारातच बोट लागते, आणि समोर उभा राहतो तो १२७९ मध्ये बांधायला घेतलेला कास्तेल नुओव्हो, म्हणजे ‘नवा किल्ला’. साडेसातशे वर्षांच्या उंबरठ्यावर असलेल्या किल्ल्याला हे शहर अजून नवा म्हणते, यातच त्याचे वय कळावे. उजव्या हाताला अर्धवर्तुळाकार उपसागर, आणि त्याच्या काठावर १,२८१ मीटर उंचीचा व्हेसुव्हियस. १९४४ नंतर तो शांत आहे. विझलेला मात्र नाही. दुसरे कारण शेवटी येईल, आणि ते आपल्या घरचे आहे.

आधी वेळेचा हिशेब मांडू, कारण बंदरावरच्या दिवसाचे सारे शहाणपण याच हिशेबात आहे. बोट सकाळी आठला लागली आणि संध्याकाळी सहाला निघणार असली, तर प्रवाशाने साडेपाचच्या आत चढलेले असले पाहिजे. उतरणे, रांग, बस गाठणे यांत सकाळचा अर्धा-पाऊण तास जातो. परतताना वाहतुकीच्या भीतीने आणखी तासभर राखून ठेवावा लागतो. उरतात पावणेआठ ते आठ तास. या वेळात सोरेंतो, पोझितानो आणि आमाल्फी ही किनाऱ्यावरची तिन्ही गावे दाखवणारी सहल सर्वाधिक लोकप्रिय आहे. तिच्यातला निम्मा वेळ बसच्या खिडकीतून जातो.

सहल बोटीकडून घ्यावी की स्वतंत्रपणे, हा प्रत्येक मध्यमवर्गीय कुटुंबाचा पहिला प्रश्न. बोटीची सहल महाग असते. पण तिला उशीर झाला तर बोट सहसा तिच्यासाठी थांबते, अथवा प्रवाशांना पुढच्या बंदरावर पोहोचवण्याची जबाबदारी घेते. स्वतःच्या बळावर फिरणाऱ्यासाठी बोट थांबत नाही. मागे राहिलेल्याने पुढचे बंदर स्वतःच्या खर्चाने गाठायचे. म्हणून नियम साधा आहे: लांब जायचे असेल आणि रस्ता बेभरवशाचा असेल, तर बोटीची सहल घ्यावी, जे पाहायचे ते बंदराच्या चालण्याच्या अंतरात असेल, तर स्वतःचे पाय वापरावेत. घड्याळ मात्र बोटीच्या वेळेशी जुळलेले असावे आणि बोटीचे ओळखपत्र खिशात असावे. शाकाहारी माणसानेही या शहराची चिंता करू नये. पिझ्झ्याचे हे माहेरघर. ‘मारिनारा’ नावाचा तिथला जुना पिझ्झा टोमॅटो, लसूण, ओरेगानो आणि तेल एवढ्यावरच होतो, त्यात चीजसुद्धा नसते.

आता किनाऱ्याकडे वळू. सोरेंतोचे द्वीपकल्प ओलांडले की डोंगर सरळ समुद्रात उतरताना दिसतात. त्यांच्या कमरेवर कोरलेला रस्ता एकोणिसाव्या शतकातला आहे. त्याआधी ही गावे समुद्राने आणि खेचरांच्या पायवाटांनीच जगाशी जोडलेली होती. रस्त्याच्या वर आणि खाली पायऱ्या-पायऱ्यांची शेते आहेत. चुना-सिमेंट न लावता दगडावर दगड रचून केलेले बांध, त्यांवर बाहेरून आणून भरलेली माती, आणि चेस्टनटच्या लाकडी मांडवाखाली लिंबाच्या बागा. रत्नागिरी-सिंधुदुर्गातल्या ज्याने उतारावर गडगा रचून कलमे जगवली आहेत, त्याला या दृश्याचे मोल गाईडने सांगावे लागत नाही. पर्यटकाला ते निसर्गसौंदर्य वाटते. कोकणी माणसाला त्यात पिढ्यान्‌पिढ्यांची पाठ आणि खांदे दिसतात. १९९७ मध्ये युनेस्कोने या किनाऱ्याला जागतिक वारशाचा मान दिला, त्यात निसर्गाइतकाच या श्रमाचाही वाटा आहे.

आमाल्फी हे आज पाच-सहा हजार वस्तीचे गाव. पण मध्ययुगात ते स्वतंत्र सागरी गणराज्य होते. त्याची गलबते इजिप्त आणि कॉन्स्टँटिनोपलपर्यंत व्यापार करीत, आणि त्याच्या नावाची सागरी कायद्याची संहिता भूमध्य समुद्रात मान्यता पावली होती. बाराव्या शतकात पिसा या दुसऱ्या सागरी सत्तेने त्याला नमवले, आणि १३४३ च्या प्रलयंकारी वादळात बंदराचा मोठा भाग समुद्राने गिळला. समुद्राने दिलेले समुद्राने परत घेतले.

याच गावाच्या चौकात फ्लाव्हियो जोइया याचा पुतळा आहे. होकायंत्राचा हा जनक, असे तिथले गाईड अभिमानाने सांगतात. इतिहास तपासणाऱ्यांनी मात्र असा कोणी संशोधक होऊन गेल्याबद्दलच गंभीर शंका घेतली आहे; जुन्या लॅटिन मजकुराचे विरामचिन्ह चुकीचे वाचल्याने हे नाव जन्माला आले, असे मानले जाते. म्हणजे पुतळा आहे, पण माणूस बहुधा नव्हता. यावर हसण्याचे कारण नाही. प्रत्येक गावाला आपल्या थोरवीची कथा हवी असते, आणि गाईड हा त्या कथेचा वारकरी असतो. त्याचे ऐकावे, आदराने ऐकावे, आणि घरी आल्यावर पडताळून घ्यावे. गाईडच्या कामाचे महत्त्व इटलीने ओळखले आहे. तिथे परवान्याशिवाय गाईड होता येत नाही, आणि २०२३ च्या अखेरीस त्या देशाने या व्यवसायासाठी देशपातळीवरील परीक्षेचा कायदा केला. परक्या माणसाच्या मनात देशाचे जे चित्र उमटते, ते या माणसाच्या शब्दांतून उमटते, हे त्यामागचे भान आहे.

या देखण्या चित्राला दुसरी बाजूही आहे. एका मोठ्या बोटीतून तीन-चार हजार माणसे एकाच सकाळी उतरतात. ती बोटीवर जेवून आलेली असतात, रात्रीही तिथेच झोपणार असतात. गावाला त्यांच्याकडून मिळतो तो गर्दीचा भार आणि लोहचुंबकाच्या खेळण्यांची विक्री. आमाल्फीच्या अरुंद रस्त्यावर वाहने इतकी वाढली की २०२२ पासून हंगामात खासगी मोटारींना सम-विषम क्रमांकांची पाळी लावावी लागली. क्रोएशियातील दुब्रोव्हनिकने २०१९ पासून एका वेळी येणाऱ्या क्रूझ बोटी दोनवर आणल्या. व्हेनिसमध्ये २०२१ साली प्रचंड बोटींना शहराच्या काळजातून जाणाऱ्या जलमार्गावर बंदी आली, आणि २०२४ पासून ठरावीक दिवशी केवळ दिवसभरासाठी येणाऱ्यांकडून शुल्क घेणे सुरू झाले. पाँपेईच्या अवशेषांत नोव्हेंबर २०२४ पासून दिवसाला २० हजारांचीच मर्यादा आहे, आणि तिकिटावर नाव असते. आयत्या वेळी जाणाऱ्याने हे विसरू नये. यजमानाने दारावर पाटी लावली, तर पाहुण्याने आपल्या वागणुकीचा विचार करावा. आवाज बेताचा असावा, रांग मोडू नये, देवळात शिरताना जसा आपला पोशाख असतो तसाच चर्चमध्ये असावा, आणि चार पैसे गावातल्या छोट्या दुकानात खर्चावेत. परदेशात माणूस एकटा वागत नसतो. त्याच्यासोबत त्याचा देशही वागत असतो.

आता त्या दुसऱ्या कारणाकडे. सोरेंतोला जाणारी बस वाटेत कास्तेलाम्मारे या गावावरून जाते. याच ठिकाणी प्राचीन स्टाबिए होते. इ. स. ७९ मध्ये व्हेसुव्हियसचा स्फोट झाला तेव्हा मिझेनमच्या रोमन आरमाराचा प्रमुख थोरला प्लिनी अडकलेल्या लोकांना सोडवण्यासाठी गलबते घेऊन निघाला, आणि स्टाबिएच्या किनाऱ्यावर मृत्यू पावला. त्याच्या भाच्याने टॅसिटस या इतिहासकाराला लिहिलेल्या पत्रांतून ही हकीकत जगाला कळली. कर्तव्यावर असताना आलेला हा मृत्यू कोणाही समाजाला वंदनीय वाटावा.

पण हाच प्लिनी भारतावर रुसलेला होता. ३७ खंडांच्या आपल्या ‘नॅचरल हिस्टरी’ या ग्रंथात त्याने तक्रार नोंदवली आहे की भारत दरवर्षी रोमन साम्राज्याच्या तिजोरीतून किमान ५ कोटी सेस्टर्स ओढून नेतो, आणि त्याबदल्यात दिलेला माल रोममध्ये कित्येक पटींनी महाग विकला जातो. सेस्टर्स हे रोमन नाणे. त्याचा आकडा घासून-पुसून तपासता येत नाही, पण तक्रारीचा रोख स्पष्ट आहे. रोमच्या घराघरांत भारतीय मिरी, वस्त्रे, रत्ने यांची हौस होती, आणि सोने पूर्वेकडे वाहत होते.

त्या मालापैकी काही आपल्या मातीतून जात असे. त्याच शतकात एका ग्रीक भाषिक व्यापाऱ्याने ‘पेरिप्लस’ नावाने ओळखली जाणारी सागरी मार्गदर्शिका लिहिली. ती व्यापाऱ्यांसाठी लिहिलेली गाईडच म्हणायला हरकत नाही. त्यात कल्याण आहे, सोपारा आहे, चौल आहे. त्यात पैठण आहे: भडोचपासून दक्षिणेस वीस दिवसांच्या वाटेवर. तिथून पूर्वेस आणखी दहा दिवसांवर तगर आहे, म्हणजे आजच्या धाराशिव जिल्ह्यातील तेर, संत गोरा कुंभारांचे तेर. पैठणहून अकीकासारखे मौल्यवान दगड आणि तगरहून साधे व तलम कापड गाड्यांत भरून, अवघड वाटांनी भडोचला नेले जाई, असे तो लिहितो. तिथून मोसमी वाऱ्यावर शीड सोडून तांबडा समुद्र, पुढे वाळवंटातून नाईल नदी, अलेक्झांड्रिया, आणि शेवटी इटलीतले पुतेओली बंदर. पुतेओली म्हणजे आजचे पोत्सुओली. क्रूझ बोट जिथे लागते त्याच नेपल्सच्या परिसरातले, काही मैलांवरचे.

या वाटेने गेलेल्या बहुतेक कापडाचा धागा उरला नाही. मिरी संपली. पण एक वस्तू उरली. १९३८ मध्ये पुरातत्त्वज्ञ अमेदेओ मायुरी यांच्या उत्खननात पाँपेईच्या एका घरात एक हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडली. उंची जेमतेम वीतभर, सुमारे २४ सेंटिमीटर. केसांची नक्षीदार रचना, गळ्यात हार, हातापायांत भरगच्च कडी, कमरेला मेखला, आणि दोन बाजूंना प्रसाधने घेतलेल्या दोन लहान सेविका. मूर्ती निर्विवाद भारतीय. ज्या घरात ती मिळाली त्याला तेव्हापासून ‘भारतीय मूर्तीचे घर’ असेच म्हणतात. इ. स. ७९ च्या राखेत ते घर बुडाले, म्हणजे मूर्ती त्याआधी तिथे पोहोचली होती, हे नक्की.

मायुरींच्या काळापासून तिला लक्ष्मी म्हटले गेले. पुढे अभ्यासकांनी तिला यक्षी मानले. देवीची कोणतीही ठळक खूण तिच्यापाशी नाही. ती पूजेची मूर्ती नसून एखाद्या आसनाचा वा टेबलाचा पाय, किंवा आरशाची मूठ असावी, असेही मत आहे. तिच्या तळाशी खरोष्ठी लिपीतले अक्षर आहे, आणि ही लिपी वायव्येकडची. त्यामुळे ती नेमकी कुठे घडली याबद्दल एकमत नाही. पण जालना जिल्ह्यातील भोकरदन, म्हणजे प्राचीन भोगवर्धन, येथील १९७० च्या दशकातील उत्खननात आणि तेर येथे हस्तिदंती स्त्रीमूर्ती सापडल्या, आणि पाँपेईच्या मूर्तीशी त्यांचे साम्य अभ्यासकांच्या डोळ्यांत भरले. तीच घडण, तोच केशसंभार, तेच अलंकारांचे वेड. म्हणून ती दख्खनच्या कारागिराच्या हातची असावी, हे मत आजही जोरकसपणे मांडले जाते.

इथे एक सावधानता हवी. फ्लाव्हियो जोइयाच्या पुतळ्याकडे पाहताना जो विवेक आपण आमाल्फीकरांकडून अपेक्षितो, तोच स्वतःसाठीही ठेवला पाहिजे. ‘पाँपेईत लक्ष्मी पुजली जात होती’ असे ठोकून देण्याची गरज नाही. जे सिद्ध आहे तेच पुरेसे भव्य आहे. दोन हजार वर्षांपूर्वी एका भारतीय कारागिराने वीतभर हस्तिदंतात सौंदर्य कोरले, आणि समुद्र ओलांडून ते एका परक्या नगराच्या घरात मानाने पोहोचले. खऱ्या वैभवाला अतिशयोक्तीचा टेकू लागत नाही.

आणि ही मूर्ती आज आहे कुठे? नेपल्सच्या राष्ट्रीय पुरातत्त्व संग्रहालयात. क्रूझच्या धक्क्यापासून दोन किलोमीटर. मेट्रोने जायचे तर तीन स्थानके. संग्रहालय मंगळवारी बंद असते. मूर्तीची गणना तिथल्या ‘गुप्त दालना’च्या संग्रहात होते. रोमन काळातील शृंगारिक वस्तू या दालनात ठेवल्या आहेत, हे मुलांना घेऊन जाणाऱ्या पालकांनी आधी जाणून असावे. जी स्त्रीप्रतिमा भारतीय शिल्पपरंपरेत समृद्धीचे आणि मांगल्याचे चिन्ह ठरली असती, ती तिथे अशा शेजारात उभी आहे, हेही बोलके आहे. वस्तू कधी कधी अन्यत्र प्रदर्शनासाठी जातात, म्हणून पोहोचताच विचारून घ्यावे.

आता तो आठ तासांचा हिशेब पुन्हा मांडू. समजा, एखादे पुण्याचे किंवा डोंबिवलीचे कुटुंब नेपल्सला उतरले. त्यांनी आमाल्फीला जाऊ नये, असे कोण म्हणेल? तो किनारा खरोखर अपूर्व आहे, आणि आयुष्यात तिथे पुन्हा जाणे होईलच असे नाही. पण आमाल्फीला जाताना बस स्टाबिएवरून जाते हे त्यांना ठाऊक असेल, तर खिडकीतून दिसणारा तो साधासा किनारा त्यांच्याशी बोलेल. आणि ज्यांना बसचा लांबचा प्रवास झेपत नाही, त्या आजी-आजोबांनी मन खट्टू करून बोटीवर बसून राहण्याऐवजी संग्रहालयाची वाट धरली, तर नातवंडांना रात्री सांगण्यासारखी कथा त्यांच्याचजवळ असेल. एका दिवसात सारे पाहता येत नाही. पण काय सोडले आणि कशासाठी सोडले, हे ज्याला सांगता येते, त्याचा दिवस वाया गेलेला नसतो.

या साऱ्याचा आपल्याशी आणखी एक संबंध आहे. मुंबईच्या धक्क्यालाही आता परदेशी क्रूझ लागतात. २०२४ मध्ये केंद्र सरकारने ‘क्रूझ भारत’ अभियान सुरू केले, त्याचा प्रारंभ मुंबईतच झाला. म्हणजे आठ तासांसाठी आपल्या दारी येणारा पाहुणाही आहे. तो घारापुरीच्या गुहेत उभा राहील तेव्हा त्याला कोण काय सांगेल? ती त्रिमूर्ती म्हणजे ब्रह्मा-विष्णू-महेश, असे चुकीचे सांगून मोकळे होणारा कोणी, की ते सदाशिवाचे रूप आहे हे समजावून सांगणारा जाणकार? खांदेरी, सुवर्णदुर्ग, विजयदुर्ग आणि सिंधुदुर्ग हे जलदुर्ग २०२५ मध्ये जागतिक वारशाच्या यादीत गेले. मान मिळाला, आता तो परक्यांना नीट सांगू शकणारी चांगली, अभ्यासू, दोन-तीन भाषा जाणणारी तरुण मुले-मुली कोकणातल्या गावागावांतून उभी राहिली पाहिजेत. हे काम सरकार एकटे करणार नाही. शाळा करतील, इतिहासप्रेमी मंडळे करतील, आणि घरेही करतील.

घरांचे काम तर सर्वांत सोपे आहे. भूमध्य समुद्राची सहल ठरली असेल, तिकिटे निघाली असतील, तर निघण्यापूर्वी एका रविवारी मुलाबाळांना घेऊन तेरला जावे. गोरोबाकाकांच्या समाधीपुढे माथा टेकावा, आणि मग गावातले रामलिंगप्पा लामतुरे संग्रहालय पाहावे. मातीच्या, दगडाच्या आणि हस्तिदंताच्या त्या छोट्या वस्तूंपुढे दहा मिनिटे शांत उभे राहावे. मग नेपल्सच्या काचेमागे ती वीतभर उंचीची स्त्री दिसेल, तेव्हा गाईडने ओळख करून देण्याची वाट पाहावी लागणार नाही. मुलेच म्हणतील, ‘हिला आम्ही ओळखतो. ही आमच्याकडची आहे बहुतेक.’

त्या ‘बहुतेक’सह म्हणतील, हे महत्त्वाचे. अभिमान आणि सत्य दोन्ही घेऊन जो बंदरावर उतरतो, त्याला आठ तास पुरतात.